बेड्यावरच्या दिव्याची मिजास

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ज्यांचे घर आहे, त्यांच्या अंगणातला दिवा बटणाच्या हुकमतीखाली नसतो, ही गोष्ट घाटावरच्या माणसाला पटवून देणे फार अवघड आहे. गुहागरला आमच्या वाडीच्या बेड्यावर, म्हणजे आवाराच्या फाटकावर, एक दिवा आहे. रात्रीच्या एसटीने पाहुणे यायचे असले की तो हटकून विझतो, आणि दुसऱ्या दिवशी टळटळीत उन्हात कोणी त्याची चौकशी करायला गेले की असा लख्ख पेटतो, की चौकशी करणाराच खोटा ठरावा. तो एकटाच रुसून बसला असता तर आम्ही विजेरी घेऊन जन्म काढला असता. पण त्याच्या रुसव्यात सबंध घर ओढले जाते. बोर्डात बसवलेले आरसीसीबी नावाचे यंत्र ३० मिलिअँपिअर इतकी वीज भलत्या वाटेने निसटली तरी अख्ख्या घराचा पुरवठा तोडते. त्यामुळे बेड्यावरची तार ओलावली, की स्वयंपाकघरातला मिक्सर, माजघरातला पंखा आणि ऐन शेवटच्या षटकातला क्रिकेटचा सामना हे सारे एकाच ‘खट्’ आवाजात थांबतात.

शेजारच्या काकांनी यावर तोडगा सुचवला, की ते यंत्रच काढून टाकावे. त्यांच्या वेळी असले काही नव्हते आणि कोणाचे काही अडलेही नव्हते. ज्यांचे अडले ते सांगायला राहिले नसतील, हा विचार मी आदरापोटी मनातच ठेवला. ओल्या बेड्याला हात लावून माणूस घरात सुखरूप येतो तो त्या ‘खट्’च्या जोरावर, तेव्हा चुगली करणाऱ्याला हाकलण्यात काही अर्थ नव्हता, शोधायचा होता तो चोर.

चोर म्हणजे पाऊस, याबद्दल आमच्या आळीत दुमत नव्हते. माझे मत मात्र असे, की पाऊस या प्रकरणात उगाच बदनाम झाला आहे. खरा गुन्हेगार मीठ आहे. लाटा फुटतात तेव्हा उडालेले बारीक तुषार हवेतच सुकतात आणि उरलेले मीठ वाऱ्याबरोबर खिडकीच्या गजांवर, चष्म्याच्या काचांवर आणि जंक्शन बॉक्सच्या, म्हणजे तारा जोडायच्या डबीच्या, फटीतून थेट तारेच्या टोकांवर येऊन बसते. शुद्ध मीठसुद्धा हवेतली सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे गेली की त्या हवेतलेच पाणी ओढून स्वतः विरघळू लागते. समुद्राच्या मिठात जो मॅग्नेशियम क्लोराइड असतो, त्याला तर तेहतीस टक्केही पुरतात. पावसाळ्यात आमच्याकडे मिठाच्या बरणीत चमचा बुडतो तो याचमुळे. तेव्हा आकाशात ढगाचा पत्ता नसतानाही त्या बंद डबीत तारेभोवती खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार असतो, आणि आपण वर पत्रा ठोकून पावसाला अडवल्याचे समाधान मानत असतो.

मेन स्विच बंद करून वायरमनने ती डबी उघडली, तेव्हा आमचे सबंध घर तिच्याभोवती गोळा झाले होते. झाकणाच्या स्क्रूंचे माथे गळून गेल्यामुळे पेचकस कशावर लावावा हाच पेच होता. शेवटी झाकण फोडावे लागले. आत मुंग्यांनी आणून भरलेली माती होती, पालीच्या अंड्याचे टरफल होते आणि तारा जिथे कनेक्टरमध्ये शिरतात तिथे निळसर हिरवी भुकटी साचली होती. “अहो, सुपारीवर फवारायचा मोरचूद इथे कोणी ठेवला?” असे सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही, कारण दोन्हीकडे तांब्याचेच क्षार. फरक एवढाच, की हा घरच्या घरी तयार झाला होता. वायरमन तारेवरचे प्लास्टिक सोलत मागे मागे गेला, तरी आतले तांबे काळेच निघत राहिले. बारीक केसांच्या तारेत खारे पाणी वातीतल्या तेलासारखे आत चढत जाते आणि टोकाचा रोग वीतभर मागे पोहोचतो. असा जोड विजेला वाट देत नाही, अडवतो. अडवला की तापतो. कनेक्टरचे प्लास्टिक एका बाजूने वितळून त्याचा पुरावा देत होते. “काका, इथली हवाच खारी,” वायरमन म्हणाला, “तांबं सोडा, इथं माणूसपण टिकत नाही. सगळी मुंबईला.”

यानंतर सल्ल्यांचा जो पाऊस पडला, त्यापुढे कोकणातला पाऊस काहीच नव्हे. काळी टेप हा सर्वमान्य उपाय. ती उन्हाने चिकट होते, कडेने सुटते आणि मग आत शिरलेले पाणी मोठ्या आपुलकीने धरून ठेवते. कोणी प्लास्टिकची पिशवी बांधायला सांगितली, कोणी एमसील थापायला. सुट्टीत आलेल्या मेहुण्यांनी सिलिकॉनची नळी आणून सगळी डबीच भरून टाकली. ओटीवर व्हिनेगरचा असा वास सुटला, की कोणीतरी लोणच्याची बरणी फोडली असे वाटावे. तो वास अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा असतो, आणि ते सिलिकॉन सुकताना तांब्यालाच खाते. विजेच्या कामासाठी बिनवासाचे, न्यूट्रल क्युअर म्हणतात ते निराळे मिळते. मेहुण्यांना हे सांगण्याची शामत कोणाचीच नव्हती. त्यांनी खारे संकट आंबट करून ठेवले, एवढीच नोंद आम्ही घरात केली.

पंपाच्या जोडाची कथा तर याहून प्राचीन आहे. अलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० साली जस्ताच्या आणि तांब्याच्या किंवा चांदीच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये खाऱ्या पाण्यात भिजवलेले कापड ठेवले आणि जगाला पहिली बॅटरी दिली. आमच्या विहिरीवर कोण्या कसबी माणसाने अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला पिळून जोडली होती आणि वर चिंधी गुंडाळली होती. खारे पाणी वाऱ्याने पुरवले. व्होल्टाची कीर्ती झाली, आमचे फक्त अ‍ॅल्युमिनियम गेले, कारण अशा जोडीत झिजायचे ते त्यानेच, असा निसर्गाचा कायदा आहे. असे दोन धातू जोडायचेच असतील तर त्यासाठी दोन्ही धातूंचे एकत्र बनवलेले बायमेटॅलिक लग मिळतात. चिंधी मात्र कोणत्याही पुस्तकात सांगितलेली नाही.

आता कोणी म्हणेल, पाणी शिरणार नाही अशी भारी डबीच का घेत नाही? घेतली. तिच्यावर आयपी ६५ असे लिहिले होते. यातला सहाचा आकडा धुळीला मज्जाव सांगतो आणि पाचाचा पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण. पण डबी श्वास घेते, हे त्या आकड्यांत कुठेच लिहिलेले नसते. दिवसा उन्हाने आतली हवा फुगून बाहेर पडते आणि संध्याकाळी गारवा आला की डबी बाहेरची खारी, दमट हवा तारेच्या भोकातून आत ओढते. ते पाणी आत निथळते, आणि डबी इतकी उत्तम बंद असते की बाहेर पडायला त्याला वाटच नसते. एका बाजूने केलेला उपाय दुसऱ्या बाजूने अंगाशी येतो, हे मोठमोठ्यांनाही चुकलेले नाही. १८२४ च्या सुमारास हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा गंजू नये म्हणून त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे वाचले, पण तांबे झिजेनासे झाल्यावर त्याचे विषही पाण्यात उतरेनासे झाले आणि जहाजाच्या बुडाशी शेवाळ नि शिंपले सुखाने नांदू लागले. आमच्या आळीतल्या सल्लागारांपेक्षा डेव्ही पुष्कळच मोठा माणूस होता, हे वाचून मला उगाचच बरे वाटले.

अखेर जे टिकले ते साधेच होते. डबी पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, बाजूच्या खांबावरून काढून पागोळीच्या आतल्या अंगाला नेली. तार वरून न घेता खालून आत घेतली, आणि आत शिरण्यापूर्वी तिला एक झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी टपकते. डबीच्या बुडाला मुंगी मावणार नाही एवढे बारीक भोक पाडले. असे भोक पाडताना शेजारच्या काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तार मात्र होड्यांवर वापरतात तशी, कल्हई केलेल्या तांब्याची आणली. आमच्या आजीने कल्हईशिवाय पितळेच्या पातेल्यात कधी ताक ठेवले नाही, तिच्या नातवाने तारेला एवढा मान द्यायला हरकत नव्हती. जोड दाबून घट्ट केले, आतून गोंद असलेली नळी त्यांच्यावर चढवून ती तापवून आवळली आणि स्क्रूंवर सिलिकॉन ग्रीस लावले. आता आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या, कामांत लाकडे भरणे, कौले परतणे आणि मिरच्या-मसाल्याची बेगमी यांच्या जोडीला मेन बंद करून डबी उघडून पाहणे हेही एक काम झाले आहे. मिठावर कायमचा विजय कोणी मिळवत नाही. वर्षाला मुदतवाढ मिळते.

या मुदतवाढीच्या आनंदात वायरमनने जाता जाता अर्थिंग तपासले आणि ते पार कोरडे पडल्याचे सांगितले. नवा खड्डा खणायचा ठरला. त्यात पत्रा पुरून भोवती काय घालायचे, याची यादी त्याने मला तोंडी दिली: कोळसा आणि गोणभर जाडे मीठ. मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. ज्या पदार्थाला आम्ही वर्षभर घराच्या तारेपासून चार हात लांब ठेवण्यासाठी झटलो, तोच आता मी पदरच्या पैशाने आणून जमिनीत पुरायचा होता. जमीन ओलसर राहिली तर वीज सुखाने जमिनीत उतरते, हे त्याचे शास्त्र बिनतोड होते, आणि तेच मीठ आतला पत्राही खाईल, हे माझे शास्त्रही बिनतोड होते. “खाईल तेव्हा खाईल, काका,” तो म्हणाला, “तोवर मीच येईन ना.”

वाण्याने गोण हातगाडीवर चढवताना विचारले, की यंदा एवढी लोणची कोणासाठी.