‘एका दगडात दोन पदव्या’ : बी.कॉम.-एलएलबीच्या फॉरवर्डला उत्तर

बारावीचा निकाल लागला की एक संदेश फिरायला लागतो. पालकांच्या ग्रुपवर, क्लासच्या जाहिरातीत, रील्समध्ये. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच असतो. कॉमर्सच्या मुलांनी नुसतं बी.कॉम. करण्यात वेळ घालवू नये, सरळ पाच वर्षांचं बी.कॉम.-एलएलबी घ्यावं. एक वर्ष वाचतं. नाही जमलं तर तीन वर्षांनी बी.कॉम. घेऊन बाहेर पडता येतं. सोबत सीए होतं. टॅक्सची आणि कंपन्यांची वकिली याच मुलांना मिळते. पास होताच मोठं पॅकेज, नाहीतर तेविसाव्या वर्षी न्यायाधीश. खाली हात जोडलेले आणि ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’.

अभ्यासक्रम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. वकिली करताना या वाटेने आलेले चांगले ज्युनिअर पाहिले आहेत. तक्रार आहे ती विक्रीच्या पद्धतीबद्दल. संदेश पालकांना सुरक्षितता विकतो : दोन पदव्या, म्हणजे एक नाही तर दुसरी उपयोगी पडेल. प्रत्यक्षात हा अभ्यासक्रम सतराव्या-अठराव्या वर्षी पाच वर्षांसाठी बांधून घेणारा आहे. ज्याचं ठरलेलं आहे त्याला तो चांगला. ज्याचं ठरलेलं नाही त्याच्यासाठी आधी तीन वर्षांचं बी.कॉम. आणि मग वाटलं तर तीन वर्षांचं एलएलबी, हीच वाट जास्त मोकळी.

वर्ष वाचतं, हे खरं आहे. सहाची पाच होतात. मात्र ते वर्ष आभाळातून पडत नाही, ते बऱ्याच अंशी कॉमर्सच्या बाजूने कापलेलं असतं. कायद्याच्या बाजूला हात लावता येत नाही, कारण वकिली आणि कायदेशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांत कायद्याचे २० सक्तीचे विषय, त्यावर ४ प्रात्यक्षिक स्वरूपाचे पेपर आणि वर ऐच्छिक विषय, असा साचा ठरलेला आहे. अकाउंट्स, अर्थशास्त्र, व्यवस्थापन उरलेल्या जागेत बसवतात. नुसत्या बी.कॉम.च्या मुलाइतका हात त्यात बसेल अशी अपेक्षा धरू नये.

आता सगळ्यांत घातक वाक्य : ‘तीन वर्षांनी बी.कॉम. घेऊन बाहेर पडता येतं.’ येत नाही. त्याच २००८ च्या नियमांतला १३ वा नियम मुद्दाम याचसाठी आहे. एकात्मिक दुहेरी पदवी मध्येच तोडून एक पदवी देऊन विद्यार्थ्याला बाहेर काढायला त्यात मनाई आहे. उलट बाजूनेही दार बंद आहे. माझं बी.कॉम. झालंय, मला चौथ्या वर्षाला घ्या, असंही चालत नाही. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एखाद्या मुलीला कळलं की आपल्याला कोर्ट, मसुदे, कलमं यांत काडीचाही रस नाही, तर पदवी म्हणून तिच्या हातात काही नसतं. तिच्याच बाकावरची, बारावीनंतर साध्या बी.कॉम.ला गेलेली मैत्रीण तोवर पदवीधर झालेली असते आणि बँकेचे, स्पर्धा परीक्षांचे, एमबीएचे अर्ज भरत असते.

हा गैरसमज येतो कुठून तेही दिसतं. नव्या शैक्षणिक धोरणात मधल्या टप्प्यावर बाहेर पडण्याची सोय आहे, हे लोकांनी ऐकलेलं असतं. शिवाय २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली, तीही बातमी कानावर असते. दोन्हींची खिचडी होऊन फॉरवर्ड तयार होतो. पण कायद्याच्या पदवीवर बार कौन्सिलचा अंमल चालतो, आणि तिच्या नियमांत एलएलबी करत असताना दुसरा नियमित अभ्यासक्रम करायलाही मनाई आहे.

सीएचं गणित तर कोणीही पाटीवर मांडून बघावं. एकात्मिक अभ्यासक्रमात ट्युटोरियल, मूट कोर्ट (सरावाचे लुटुपुटूचे खटले) धरून आठवड्याला किमान ३० तास वर्ग असावेत असं नियम सांगतात, आणि ७० टक्के उपस्थितीची अट लावतात. सीएच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण, तीनऐवजी दोन वर्षांची झाली, हे खरं. पण तिचे तास आठवड्याला ३५, आणि ते ऑफिसात बसून. बेरीज ६५. त्यात स्वतःचा अभ्यास नाही, लोकलचा प्रवास नाही, ऑडिटचा सीझन नाही. मुंबई-पुण्यात सकाळचं कॉलेज करून दिवसा आर्टिकलशिप करणारी बी.कॉम.ची मुलं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, कारण कॉमर्स कॉलेजांनी ती सवड ठेवली. लॉ कॉलेजात ती सवड गृहीत धरता येत नाही. वर, आर्टिकलशिपच्या काळात दुसरं काही शिकायचं तर सीए इन्स्टिट्यूटची परवानगी लागते.

आणखी एक बारकावा. कॉमर्सच्या पदवीधराला ५५ टक्क्यांवर सीएची पहिली परीक्षा, फाउंडेशन, न देता थेट पुढच्या, इंटरमीडिएटला जाता येतं. इथे पदवीच पाच वर्षांनी मिळते, त्यामुळे ती सोय निम्मी वाया जाते. सीएसचा (कंपनी सेक्रेटरी) मेळ त्यामानाने बरा बसतो. परीक्षा जून-डिसेंबरला, आणि कंपनी कायदा दोन्हीकडे असल्यामुळे अभ्यास काही प्रमाणात सामाईक. प्रशिक्षणाला मात्र वेगळा वेळ काढावाच लागतो.

समजा एखाद्या जिद्दी मुलाने दोन्ही केलं. मग? सीए आणि वकील अशा दोन पाट्या एका दारावर लावता येत नाहीत. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतलेल्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी किंवा दुसरा धंदा करायला बार कौन्सिलच्या आचारनियमांनी बंदी आहे. ज्ञान दोन्हींचं ठेवा, प्रॅक्टिस एकाचीच. ज्येष्ठ वकील हरीश साळवे सीए आहेत आणि नागपूर विद्यापीठाचे एलएलबी, हे उदाहरण फॉरवर्डवाल्यांचं आवडतं. पण ते पाच वर्षांच्या जोडपदवीतून आलेले नाहीत. दोन वेगळ्या वाटांनी कमावलेल्या दोन वेगळ्या पात्रता आहेत त्या.

‘टॅक्सची आणि कंपन्यांची वकिली याच मुलांना.’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी चुकतं. एक तर बार कौन्सिलच्या त्या २० सक्तीच्या विषयांत कंपनी कायदा आणि करकायद्याची तत्त्वं हे दोन्ही आहेत. म्हणजे बी.ए.-एलएलबीवाला, बीबीए-एलएलबीवाला, पुण्याच्या जुन्या बीएसएलचा, मुंबईच्या बीएलएसचा (दोन्ही पाच वर्षांचेच कायद्याचे अभ्यासक्रम), तीन वर्षांचं एलएलबी केलेला इंजिनिअर, सगळेच ते शिकतात. नानी पालखीवाला इंग्रजी साहित्याचे एम.ए. होते. प्राप्तिकर कायद्यावर देशभर ज्यांचा शब्द मानला गेला त्या माणसाकडे कॉमर्सची पदवी नव्हती.

दुसरी बाजू अशी की या क्षेत्रात वकिलांची मक्तेदारीच नाही. कंपनी कायदा २०१३ च्या ४३२ व्या कलमाने राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे सीए, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाउंटंट यांनाही उभं राहता येतं. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरण १९४१ पासून चालू आहे. त्याच्या खंडपीठावर एक न्यायिक सदस्य आणि एक लेखा सदस्य बसतो, आणि समोर बाजू मांडणाऱ्यांत सीए भरपूर असतात. कायदा आणि हिशेब एकाच टेबलावर येण्याची ही खरी जागा. सनदेचा फरक पडतो तो त्याच्या वरच्या पायरीवर. तिथून अपील उच्च न्यायालयात गेलं की बाजू मांडायला वकीलच लागतो. ती पायरी चढायला एलएलबी आणि सनद पुरते; एलएलबीच्या आधी कोणती अक्षरं आहेत हे न्यायमूर्ती विचारत नाहीत.

मग कॉमर्सचा उपयोग नाही का? भरपूर आहे, फक्त संदेश सांगतो तिथे नाही. नव्या वकिलाकडे तालुक्याच्या कोर्टात येणारं पहिलं काम बहुधा चेक बाउन्सचं असतं, कलम १३८ चं. चेक दिल्याचं आणि सही आपली असल्याचं आरोपीने मान्य केलं की कायदेशीर देणं होतं असं कोर्ट गृहीत धरतं आणि ते खोडून काढायची जबाबदारी आरोपीवर येते. ती खोडायची कशी? खातेउताऱ्यातून, पावत्यांतून, फिर्यादीने स्वतःच्या प्राप्तिकर रिटर्नमध्ये ही उधारी दाखवलीच नव्हती यावरून. उलटतपासणीत व्यापाऱ्यापुढे त्याचंच लेजर ठेवून तारखेतारखेला प्रश्न विचारायचे, तर जमा आणि नावे यांत गोंधळणारा वकील काय विचारणार?

कुटुंब न्यायालयात तर हे आणखी दिसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नवऱ्याचा ‘धंदा तोट्यात’ असतो आणि त्याच वर्षी भागीदारी फर्मच्या भांडवल खात्यातून मोठी उचल असते. पानं सगळ्यांपुढे असतात, ती वाचता येणारा एखादाच. अपघात भरपाईच्या दाव्यातही मृताचं उत्पन्न रिटर्नवरून काढताना हेच. बी.कॉम.-एलएलबीचं खरं मोल मला या कोर्टांमध्ये दिसलं आहे, काचेच्या इमारतींत तितकं नाही. गंमत म्हणजे जाहिरातीत पोटगीचा उल्लेख कधीच नसतो.

पॅकेजबद्दल थोडक्यात. मोठ्या लॉ फर्म कॅम्पसवर येतात त्या मोजक्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत आणि काही नावाजलेल्या खासगी संस्थांत, आणि तिथे कॉलेज आणि मुलाने केलेल्या इंटर्नशिप बघतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप नियमानेच आहे. ती कुठे केली यावर नोकरी ठरते. बाकीच्यांची सुरुवात सीनिअरच्या चेंबरमध्ये. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं सुचवलं. शिफारस आहे, बंधन नाही. किती सीनिअर देतात हे कोणत्याही बाररूममध्ये चहा घेताना विचारावं.

न्यायाधीशाची गोष्ट २०२५ च्या मे महिन्यापर्यंत अगदीच खोटी नव्हती. मधली काही वर्षं ताज्या पदवीधराला परीक्षा देता येत होती. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. फॉरवर्ड त्या आधीचा आहे, इतकंच.

तरीही घ्यायचं ठरलं असेल तर जरूर घ्या. फक्त आधी एक कागद बघा. बार कौन्सिलची मान्यता कॉलेजला आहे एवढं ऐकून थांबू नका. त्या कॉलेजात चालणाऱ्या नेमक्या त्याच अभ्यासक्रमाला, म्हणजे बी.कॉम.-एलएलबीला, किती तुकड्यांसाठी आणि कोणत्या वर्षापर्यंत आहे ते पाहा. बी.ए.-एलएलबीची मान्यता दाखवून दुसऱ्याच नावाचे प्रवेश चालू नाहीत ना, हे सनदेच्या वेळी कळून उपयोग नसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलने नव्या लॉ कॉलेजांना तीन वर्षं मनाई केली, ती दर्जाबद्दलच्या काळजीतूनच. मान्यतेचं पत्र मागितल्यावर समोरून गुळगुळीत माहितीपुस्तिका पुढे आली, तर त्या दिवशी फी भरू नका.