हलक्या रॉडला जड रील: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ट्राउटच्या निंफिंगसाठी, म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारखा बनवलेला गळ (निंफ) तळाशी वाहू देऊन मासा धरण्यासाठी, रॉड आणि रील कशी निवडावी, या माझ्या लेखाखाली तुम्ही टाकलेली प्रतिक्रिया आधी इथे देतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल:

"सोलापुरात बसून ट्राउटवर प्रवचन. आधी हिप्परग्याच्या तलावात चिलापी तरी धरून दाखवा. साडेदहा फुटी, तीन नंबरची रॉड घ्या म्हणे, आणि तिला १७० ग्रॅमची रील लावा म्हणे. मग हलक्या रॉडला पैसे कशाला घालवायचे? माझी नऊ फुटी पाच नंबर आणि हलकी रील तीर्थनवर (हिमाचलातली नदी) मस्त चालते. लीडरचं गणित सगळं पुस्तकी. आणि किमतीबद्दल एक अक्षर नाही."

यात मुद्दा एक, बाकी टोमणे. 'प्रवचन', 'म्हणे' ही भाषा चौकातल्या टपरीवर ठीक आहे. मी ऐकीव लिहीत नाही. ब्लँकवर (रॉडच्या नुसत्या दांडीवर) गाइड, म्हणजे लाइनच्या कड्या, बांधणं, मोडलेली टोकं बदलणं हे माझं काम आहे आणि हाताखालून जाणारी प्रत्येक रॉड मी काट्यावर ठेवूनच परत देतो. सोलापुरात ट्राउट नाही, हे सांगायला तुमची गरज नव्हती. जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तिथे थंड पाण्याचा मासा कुठून येणार? पण कर्नाटक एक्स्प्रेस आमच्याच स्टेशनावरून दिल्लीला जाते, आणि चार तुकड्यांची साडेदहा फुटी रॉड सोडवली की साधारण ८०-८५ सेंटिमीटरची होते. बर्थखाली आरामात बसते. गावाचा पत्ता काढून माणसाचं ज्ञान मोजायची सवय सोडा, मालक.

आता रील. या वर्गातली, म्हणजे तीन नंबरच्या वजनाची लाइन पेलणारी, रॉड साधारण ८५ ते १०० ग्रॅमची असते. एवढं वजन कुठल्याच मनगटाला जड नाही. जड होतो तो टोकाकडचा ओढा. रॉड नऊ फुटांवरून साडेदहावर गेली की तिचा भारमध्य मुठीपासून आणखी पुढे सरकतो, आणि त्याला मागे खेचून धरायला मुठीमागे फक्त रील असते. ८० ग्रॅमची रील लावलीत तर काट्यावरचा आकडा कमी होईल, पण टोक खाली पडत राहील आणि ते उचलून धरायचं काम तुमचं मनगट करेल.

ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी माशी, टाकताना हे खपून जातं. लाइन पाण्यावर पडली की हात खाली येतो. निंफिंगमध्ये हात खांद्याच्या उंचीला, टोक वर, आणि संपूर्ण ड्रिफ्टभर, म्हणजे निंफ प्रवाहात वाहते तोवर, ते तिथेच. काही सेकंदांत ड्रिफ्ट संपला की लगेच पुढची फेक. टोक जड असेल तर थोड्या वेळात ते डुगडुगायला लागतं, त्याबरोबर सायटर, म्हणजे लीडरमधला (लाइनच्या पुढच्या बारीक तंगुसातला) तो दुरंगी तुकडा, थरथरतो, आणि तळाशी प्रवाहाच्या वेगाने वाहायला हवी ती निंफ उड्या मारते. मासा लागल्याची खूण त्या सायटरच्या क्षणभर थबकण्यात असते. थरथरत्या सायटरमध्ये ती दिसत नाही. तुम्ही म्हणता 'मस्त चालते'. किती मासे तोंडात घेऊन थुंकून गेले, ते तुम्हाला कसं कळणार?

सोलापूरकराला खरं तर हे समजावावं लागू नये. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा कमरेच्या आधारावर एवढा उंच ध्वज घेऊन चालतो. तो सरळ उभा आहे तोवर वजन पेलवतं, कलला की आजूबाजूची माणसं धावतात. घात वजन करत नाही, कल करतो.

तरी विश्वास नसेल तर रील विकत घ्यायच्या आधी हे करून बघा. रॉड पूर्ण जोडा. रीलच्या जागी छोटी प्लास्टिकची पिशवी चिकटपट्टीने बांधा आणि तिच्यात दहा रुपयांची नाणी टाकत जा; एक नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. कॉर्कच्या मुठीच्या पुढच्या टोकाशी, जिथे तर्जनी येते, तिथे रॉड एका बोटावर तोला. टोक आडवं किंवा किंचित वर राहिलं की थांबा. बावीस नाणी लागली तर भरलेली रील १७० ग्रॅमची हवी. बॅकिंग (लाइनच्या खाली गुंडाळलेला दोरा) आणि निंफिंगची बारीक लाइन यांचे पंधरा-वीस ग्रॅम वजा केले की रिकामी रील १५० च्या आसपास. लेखातला १७० हा आकडा भरलेल्या रीलचाच होता. ती ओळ तुम्ही वाचलेली दिसत नाही.

याच चाचणीत रीलसीटचा, म्हणजे रील बसवायच्या खाचेचा, फरकही कळेल. सीट खालच्या दिशेने, बुडाकडे आवळणारी असेल तर रील अगदी बुडाशी बसते, तरफ लांब मिळते आणि कमी वजनात काम भागतं. वरच्या दिशेने, मुठीकडे आवळणारी असेल तर रील मुठीजवळ सरकते आणि तोच तोल साधायला जास्त वजन लागतं. घरात हलकी रील पडून असेल तर स्पूलच्या (लाइन गुंडाळायच्या चाकाच्या) गाभ्यावर, बॅकिंगच्या खाली, शिशाची तार गुंडाळून वरून टेप मारा. मात्र तार चहूबाजूंनी सारखी बसली पाहिजे, नाहीतर मासा पळताना स्पूल हेलकावे खातं. आणि जड म्हणून २२० ग्रॅमची लावू नका; तोल मागे जातो आणि मग खरोखरच एकूण वजनाने हात दुखतो.

वजन जमलं तरी उघड्या चौकटीची रील घेऊ नका. निंफिंगचा लीडर रॉडपेक्षा लांब असतो, त्यामुळे बारीक तंगूस रीलवर गुंडाळला जातो. स्पूल आणि चौकटीच्या फटीतून ०.२० मिलिमीटरचा तंगूस सहज निसटतो आणि दांड्याभोवती अडकतो. पूर्ण पिंजऱ्याची चौकट हवी. ड्रॅग (रीलचा ब्रेक) किती जोरात थांबवतो यापेक्षा तो झटका न देता सुरू होतो का ते बघा, कारण पुढे ५एक्स किंवा ६एक्स टिपेट (लीडरचा शेवटचा, सर्वांत बारीक तंगूस) आहे, म्हणजे ०.१५ किंवा ०.१३ मिलिमीटर.

एक गोष्ट मान्य करतो. ज्याला एकच रॉड घ्यायची आहे आणि त्याच रॉडने अधूनमधून ड्राय फ्लायही टाकायची आहे, त्याला दहा फुटी चार नंबर जास्त सोयीची. हे लेखात ठळक असायला हवं होतं.

नऊ फुटी पाच नंबरचं मात्र मान्य नाही. पाच नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट १४० ग्रेनचे, म्हणजे ९ ग्रॅम. मीटरला जवळपास एक ग्रॅम. तीन मिलिमीटर टंगस्टन मण्याची निंफ याच्या चतुर्थांशाच्या आसपास भरते. टोकाबाहेर मीटरभर लाइन लोंबली की ती निंफला तुमच्याकडे ओढणारच. ०.२० च्या तंगुसाचा मीटर ग्रॅमच्या पंचविसाव्या भागाइतका. याला पुस्तकी म्हणायचं असेल तर म्हणा. शिवाय तीर्थनमध्ये खडकांमागच्या शांत पाण्यात निंफ सोडायची तर मधल्या वेगवान धारेवरून लाइन उचलून धरावी लागते. तिथे दीड फूट कामाला येतो.

किमती लिहीत नाही, महिन्याभरात शिळ्या होतात. चिलापीचं म्हणाल तर ती निंफ घेते, आणि सायटर वाचायचा सराव आम्ही तिच्यावरच करतो.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा रॉडची लांबी, सीट कुठली आणि लाइन भरून रीलचं वजन किती, हे तीन आकडे द्या. नुसत्या 'हलकी'वर मला काही सांगता येत नाही.