‘82 अभ्यासांनी सिद्ध झालं’ म्हणणारा मेसेज आणि आर्चर यांचे खरे आकडे

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या एका मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन आर्चर यांनी 82 अभ्यास तपासून सिद्ध केलं की नवऱ्यापेक्षा बायकोच जास्त मारते. म्हणून 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा एकतर्फी आहे, तक्रार होताच नवरा आत जातो. आर्चर खरे, 2000 सालचा त्यांचा निबंधही खरा. घोळ त्यापुढे आहे.

‘जास्त’ म्हणजे किती? स्त्री-पुरुषांच्या मारण्यात आर्चर यांना मिळालेला सरासरी फरक आहे उणे 0.05 (उणे म्हणजे बायका किंचित वर; शून्य म्हणजे फरकच नाही). एक बाई आणि एक पुरुष डोळे मिटून निवडले, तर मारण्याचा बाईचा आकडा वरचढ निघेल शंभरातल्या जेमतेम 51 वेळा. नाणं उडवल्यासारखंच. त्याच निबंधात लगेच लिहिलंय की इजा करण्यात पुरुष पुढे आहेत आणि जोडीदाराकडून जखमी झालेल्यांत 62 टक्के बायका होत्या. मेसेजात नेमकं हेच गाळलंय.

मोजमापाचं साधन बघितलं की कोडं सुटतं. यातले बरेच अभ्यास अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांच्या 1979 च्या प्रश्नावलीवर उभे आहेत. गेल्या वर्षभरात ढकललं का, थप्पड मारली का, लाथ घातली का, किती वेळा, एवढंच ती विचारते. सुरुवात कुणी केली, मार चुकवताना हात उचलला का, टाके पडले का, हे त्यात नाही. तिने दंडावर मारलेली चापट आणि त्याने कान बधिर होईस्तोवर मारलेली थप्पड एकाच रकान्यात. इजा आणि लैंगिक जबरदस्तीचे प्रश्न आले 1996 च्या सुधारित आवृत्तीत.

शिवाय ते नमुने बहुतांशी अमेरिकेतले, त्यातही कॉलेजातली मुलंमुली पुष्कळ. ते आकडे वाळवा-खटावच्या संसारांना लावता येत नाहीत, असं खुद्द आर्चर यांच्याच कामातून निघतं. 2006 मध्ये त्यांनी देशादेशांची तुलना केली. जिथे बायकांच्या हाती सत्ता कमी, तिथे त्यांना मार जास्त.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जवळपास तीच यादी बदल करून वापरतं. घरातल्या एकाच बाईला, एकटीला विचारायचं. सासू उठेना तर तो भाग सोडून द्यायचा. 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रात विवाहित बायकांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याने नवऱ्याची हिंसा सांगितली. ‘त्रास आहे का?’ असं मोघम विचारलं तर ‘नाही, बरं चाललंय’ हेच उत्तर येतं. केस ओढले का, हात पिरगळला का, असं एकेक विचारावं लागतं.

आता कायदा. 2005 चा कायदा मुळात दिवाणी वळणाचा: संरक्षण, राहतं घर, पोटगी. कलम 12 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकालाचा प्रयत्न 60 दिवसांत (कागदावर, अर्थात). संरक्षणाचा आदेश मोडला तर कलम 31: एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सासरच्या छळाचं फौजदारी कलम 498अ, म्हणजे आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम 85, वेगळं. तिथेही सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या अर्नेश कुमार निकालापासून आपोआप अटक नाही. मार खाणारे नवरे नसतातच असं नाही. त्याच संहितेतलं दुखापतीचं कलम 115 स्त्री-पुरुष बघत नाही, त्यांनी तिथे जावं.

खरी चूक होते ती समेटात. तासगावचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 2007 मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली: गावातच समितीची बैठक घेऊन तंटा मिटवायचा. बांधाचा तंटा मिटवायला ती बैठक ठीक. पण समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी 1995 मध्येच दाखवलं की अधूनमधून भडकणारं भांडण वेगळं आणि बाईवर पकड ठेवणारी हिंसा वेगळी. डेअरीचं बिल त्याच्या खात्यावर, मोबाईल त्याच्या हाती, माहेरी जायला परवानगी, अशा घरात ‘नीट नांदवतो’ हे स्टँपवर लिहून घेतलं तरी पकड तशीच राहते.

म्हणून बैठकीआधी तिला एकटीला गाठून पैसे, मोबाईल, माहेर यांवर त्याची पकड आहे का हे विचारायचं, आणि गळा कधी आवळला का हेही. ‘हो’ आलं तर बैठक नको. गळा आवळणाऱ्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका कैक पटींनी वाढतो, आणि मानेवर वळ नसूही शकतो. बसलेला आवाज, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, हे डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्यायचं. त्याच दिवशी 2005 च्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे कौटुंबिक घटना अहवाल भरायचा. तो म्हणजे ठरलेला फॉर्म, नमुना क्रमांक एक; कोऱ्या कागदावरचा अर्ज नव्हे.