नंबरप्लेट चोरीला गेली म्हणून गाडीचा नंबर बदलत नाही

‘नंबरप्लेट चोरीला गेली तर आरटीओ नवा नंबर देतं, तोवर रेडियमवाल्याकडून प्लेट करून बिनधास्त फिरा,’ असा मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक.

नंबर तोच राहतो, प्लेट फक्त नवी मिळते. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना शोरूममधूनच एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बसून येते. जुन्या गाड्यांनाही ती बसवावीच लागते. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, आणि डावीकडे खाली लेझरने कोरलेला बारीक क्रमांक. तो ‘वाहन’ या सरकारी डेटाबेसच्या नोंदीत तुमच्या गाडीशी जोडलेला असतो. रेडियमवाला हा क्रमांक कुठून आणणार? ती बसवतात स्नॅप लॉकने. हे लॉक उघडायचं म्हणजे तोडावंच लागतं, पुन्हा वापरता येत नाही.

पहिलं काम पोलिसांत तक्रार. कंटाळा येतो, मान्य. पण तक्रारीची प्रत नसेल तर बदली प्लेटचं ऑनलाइन बुकिंग अडतं. शिवाय तुमची प्लेट लावून कुणी सिग्नल तोडला, तर ई-चलान तुमच्याच मोबाइलवर येणार. तेव्हा दाखवायला हाच कागद. बुकिंग अधिकृत पोर्टलवरच करा, मेसेजमधल्या लिंकवरून नको. एकच प्लेट गेली असेल तर तेवढीच मागवता येते.