क्लेम मागे घेतला म्हणजे अपघात झालाच नाही असं नसतं हो दाजी

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून दाजींचा फोन, आवाज एकदम खूश. "क्लेम मागे घेतला बघ, डोक्याचा ताप गेला." मी म्हटलं कुठला क्लेम? तर म्हणे मंगळवारी पोवई नाक्यावर एक स्कूटरवाला पोरगा गाडीला घासला, बंपर फुटला, पोरगा पडला पण लगेच उठून उभा राहिला, त्याला तीन हजार दिले आणि मिटवलं. कंपनीला त्याच दिवशी फोन केलेला, पण रात्री कॉलनीच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि तो वाचून सकाळी क्लेम कॅन्सल. मेसेज मलाही पाठवला, वर "उपयोगी माहिती" असं लिहून. मग शनिवारी तो पोरगा मनगटाला प्लास्टर घालून दारात हजर, सोबत त्याचे काका. तेव्हा परत फोन आला, आवाज वेगळा.

मेसेजचं नाव "विमा कंपन्या लपवतात ती ५ गुपितं". त्यातली गुपितं अशी: एक, क्लेम टाकला की एनसीबी (नो क्लेम बोनस, वर्षभर क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) कायमचा गेला, म्हणून छोटा असो मोठा असो क्लेम करूच नका. दोन, मागे घेतलात तर सिबिल खराब होतो, म्हणून २४ तासांच्या आत मागे घ्या (हे वाक्य मी चार वेळा वाचलं, मला अजून कळलेलं नाही). तीन, समोरच्याशी रस्त्यावरच मिटवा, ५०० च्या स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या आणि क्लेम मागे घ्या, म्हणजे पोलीस कोर्ट काही येत नाही. चार, एनसीबी गेलाच तर कंपनी बदला, नव्या कंपनीला कळत नाही. पाच, आत्ताचं नुकसान तसंच ठेवून पुढच्या मोठ्या क्लेममध्ये जोडा.

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण दाजींना तोच भोवतोय.

गाडीच्या विम्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक ओन डॅमेज, म्हणजे आपला बंपर आपला दरवाजा, त्याचा क्लेम आपण टाकतो आणि आपणच मागे घेऊ शकतो. दुसरी थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला लागलं किंवा दुसऱ्याचं काही मोडलं तर. तो क्लेम आपला नसतोच. तो जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात टाकतो, आपल्या आणि कंपनीच्या दोघांच्याही विरुद्ध. मग दाजींनी मागे काय घेतलं? फक्त स्वतःचा बंपर. पोराचं मनगट तिथंच आहे, प्लास्टरसकट.

आणि कंपनीला जखमीबद्दल न कळवता परस्पर मिटवणं हे नुसतं मूर्खपणाचं नाही, बेकायदेशीर आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४. अपघातात कोणाला लागलं किंवा दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं तर ड्रायव्हरने काय करायचं ते तिथं स्पष्ट लिहिलंय: जखमीला उपचार मिळतील असं बघायचं, पोलिसांना माहिती द्यायची, आणि ज्या कंपनीने पॉलिसी दिली तिला लेखी कळवायचं, पॉलिसी नंबर, अपघाताची तारीख वेळ ठिकाण, जखमी कोण, गाडी कोण चालवत होतं. लेखी. फोन नाही. हे पाळलं नाही तर कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. आता दाजींनी फोन केला होता खरा, पण कॉल सेंटरच्या मुलीने "कोणाला इजा झाली आहे का सर?" विचारल्यावर दाजी म्हणाले नाही. का, तर पोरगा उभा होता म्हणून! रस्त्यावर पडलेला माणूस लाजेनं पहिला उठून उभाच राहतो हो, सूज संध्याकाळी येते.

त्यात तो स्टॅम्पपेपर. घरात पॉलिसीची पुस्तिका असेल तर अटी काढून बघा, जुन्या मोटार टॅरिफपासून (सगळ्या कंपन्यांना एकच असलेलं गाडीच्या विम्याचं नियमपुस्तक) आजपर्यंत जवळजवळ तेच शब्द चालत आलेत: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने कसलीही कबुली द्यायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, कबूल करायचे नाहीत. म्हणजे स्टॅम्पपेपरवर "माझ्या चुकीमुळे झालं, अमुक रक्कम दिली" लिहिलं की अट मोडल्याचा पुरावा तुम्हीच सही करून तयार केला, वर ५०० रुपये खर्चून. जखमीला भरपाई देणं कंपनीला सहजासहजी टाळता येत नाही, पण तुमच्याशी भांडायला तिला आयतं कारण मिळतं. दाजींनी स्टॅम्पपेपर केला नाही ते फक्त संध्याकाळी विक्रेता बंद होता म्हणून.

उपचाराचे पैसे माणुसकीनं द्या, द्यायलाच पाहिजेत, दवाखान्यात घेऊन जा, बिल ठेवा. पण "मिटवलं" हा शब्द डोक्यातून काढा.

आता एनसीबी. इथं मेसेजवाल्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं कबूल करतो. त्या जुन्या टॅरिफमध्ये लिहिलेलं की वर्षभरात क्लेम केलेला किंवा प्रलंबित नसेल तरच बोनस. शब्दशः धरलं तर "केलेला" यात मागे घेतलेला पण येतो असं कोणी म्हणू शकेल. पण प्रत्यक्षात पैसे न देता बंद झालेला क्लेम साधारणपणे नो क्लेमच धरतात. गोची होते ती "प्रलंबित"वर. लोक फोनवर "राहू दे, नको" म्हणतात, सिस्टीममध्ये क्लेम उघडाच राहतो, आणि रिन्युअलला बोनस दिसत नाही मग बोंबाबोंब. म्हणून मागे घ्यायचा तर ईमेलने, क्लेम नंबर टाकून, आणि "पेमेंट न करता बंद केला" असं उत्तर लेखी येईपर्यंत सोडायचं नाही. गॅरेजचं बिल कंपनीने भरल्यावर मात्र मागे घेण्यासारखं काही उरत नाही. आणि गॅरेजवाल्याने गाडी खोलून ठेवली असेल तर खोलायचे पैसे तो तुमच्याकडून मागणार, ते धरून चाला.

छोटा क्लेम करू नये हेही बऱ्याचदा खरंय, पण "कधीच करू नये" नाही. हिशोब करा ना. समजा ओन डॅमेजचा हप्ता बोनसशिवाय १२,००० आहे आणि तुमचा बोनस ५० टक्के, म्हणजे भरता ६,०००. क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ करत परत ५० वर. जास्तीचे गेले ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००, एकूण १५,००० (गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात जरा कमीच). दुसरीकडे दाजींच्या बंपरचं बिल ९,०००, त्यात बंपर ५,०००, रंग ३,०००, मजुरी १,०००. झिरो डेप (घसारा कापू न देणारं जास्तीचं कव्हर) नाही, म्हणून प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा, गेले २,५००. रंगाच्या एक चतुर्थांश भागाला मटेरियल धरून त्याचे निम्मे, ३७५. छोट्या इंजिनाच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे आपल्या खिशातून द्यायचाच वाटा, १,०००. हातात ५,१२५. पाच हजारासाठी पंधरा हजार घालवायचे का, तर नाही, तेवढ्यापुरता दाजींचा निर्णय बरोबर होता. पण उद्या समोरची बाजू चेपून ८०,००० चं बिल आलं आणि दाजी बोनस वाचवत बसले तर मी स्वतः साताऱ्याला येईन.

हो, आणि हा बोनस फक्त ओन डॅमेजवर असतो, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही, हेही लोकांना माहीत नसतं.

सिबिल. सिबिल कर्जाचं आणि क्रेडिट कार्डाचं बघतं. बंपरचं नाही. पुढे.

कंपनी बदला म्हणजे कळत नाही, हे लिहिणाऱ्याने पॉलिसी कधी बदललेलीच नसावी. नवी कंपनी बोनसचा पुरावा मागते, नसेल तर डिक्लेरेशनवर सही घेते आणि जुन्या कंपनीला विचारते. डिक्लेरेशन खोटं निघालं तर पॉलिसीतला गाडीच्या नुकसानीचा पूर्ण भागच जप्त, म्हणजे चार हजार वाचवायला आख्खी गाडी उघड्यावर. आणि नुकसान साठवून पुढच्या क्लेममध्ये जोडायचं तर त्याला सरळ फसवणूक म्हणतात, गुपित नाही. नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर काय आंधळा असतो का? फुटलेल्या पत्र्यावर गंज दिसतो, फटीत धूळ बसलेली दिसते, आणि पहिल्या क्लेमचे फोटो काढले असतील तर ते कंपनीकडे असतात. "पण काका करतात" असं आमचा भाचा म्हणाला, त्याच्या काकांबद्दल मी इथं काही लिहीत नाही.

दाजी, तुमच्यासाठी. उशीर झाला म्हणून गप्प बसायचं नाही. नुसत्या उशिरामुळे खरा क्लेम नाकारू नका असं विमा नियामकाने कंपन्यांना २० सप्टेंबर २०११ लाच परिपत्रक काढून सांगितलंय. आज पोलीस स्टेशनला जाऊन झालं ते सांगा आणि कंपनीला हा मेल टाका: "अमुक तारखेला अमुक ठिकाणी अपघात झाला. माझ्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम मी मागे घेतला आहे. या अपघातात एक दुचाकीस्वार जखमी झाला, हे मला नंतर कळले. त्याची माहिती आणि वाहनचालकाचा तपशील खाली देत आहे, ही सूचना नोंदवून घ्यावी." खाली पॉलिसी नंबर, लायसन्स, सगळं. तीन हजार दिले तेही लिहा, लपवू नका. पाठवायच्या आधी ताईला एकदा वाचायला द्या, ती कॉलनीच्या त्या ग्रुपवर नाहीये.