९.९ डीबीचा मोह आणि छतावरचा पाइप

अमेरिकेतल्या सीबीवाल्यांमध्ये (सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य लोकांना आपसात बोलण्यासाठी मोकळा ठेवलेला दुतर्फा रेडिओ) एक सल्ला वर्षानुवर्षं हातोहात फिरतो आहे. हल्ली तो मराठीतही ऐकू येतो. मथितार्थ असा: घरच्या सीबीला अँटेना घेताना खोक्यावर सगळ्यात मोठा डीबीचा (डेसिबलचा) आकडा असेल तोच उचला, ९.९ डीबी म्हणजे तुमच्या ४ वॅटचे जवळजवळ ४० वॅट झाले. केबल कुठलीही चालते, फक्त ती १८ फुटांची किंवा १८ च्या पटीत हवी. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडे पाठवलेली शक्ती किती परत येते हे दाखवणारं गुणोत्तर) १:१ आला की अँटेना उत्तम बसला. छतावर चढवलात ना, मग उंचीचा फार विचार नको. आणि अर्थिंगच्या भानगडीत पडू नका, त्यानं उलट वीज ओढली जाते.

पाच वाक्यं, आणि पाचही चुकीची. शेवटचं तर जिवावर बेतणारं.

नव्यानं या नादाला लागलेल्यांसाठी आधी दोन ओळी. अमेरिकेत सीबीची सध्याची सेवा १९५८ साली सुरू झाली आणि १९७७ पासून तिला ४० चॅनेल आहेत, २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमध्ये. वैयक्तिक परवाना लागत नाही. एएमवर ४ वॅट, एसएसबीवर (एएमहून अरुंद जागेत आवाज पाठवायची पद्धत) १२ वॅट, त्यापुढे नाही. म्हणजे सेटच्या बाजूनं सगळे सारखेच; फरक पडतो तो सेटच्या मागच्या भोकातून बाहेर पडल्यावर. म्हणूनच अँटेनाबद्दल इतक्या दंतकथा आहेत.

गेनपासून, म्हणजे अँटेना शक्ती हव्या त्या दिशेला किती एकवटतो त्या आकड्यापासून, सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. डीबी हे माप नाही, ती तुलना आहे (दर ३ डीबीला शक्ती दुप्पट). कशाशी तुलना केली हे सांगितलं नाही तर नुसत्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. सगळ्या दिशांना सारखीच शक्ती सोडणारा एक काल्पनिक बिंदू धरला, तर त्याच्या तुलनेत साध्या अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलचा (मधोमध जोडलेल्या सरळ अँटेनाचा) गेन २.१५ डीबी भरतो. चॅनेल १९ ची तरंगलांबी ११ मीटर. तिची अर्धी साडेपाच मीटर. बाजारात मिळणारा साडेपाच मीटरचा फायबरग्लासचा उभा दांडा आतून म्हणजे हाच अर्ध्या लांबीचा अँटेना, फक्त खालच्या टोकाकडून जोडलेला. मोकळ्या अवकाशात त्याचा गेन दोन डीबीच्या आसपासच असणार. मग ९.९ येतात कुठून? आदर्श जमिनीवरून परत येणारी लहर मूळ लहरीत मिळते तेव्हा ठराविक कोनात सहा डीबीपर्यंत भर पडते. ती धरायची, वर थोडी उदार बेरीज करायची, आणि खोक्यावर छापायचं. पण जमिनीवरून परावर्तन शेजाऱ्याच्या जुन्यापुराण्या अँटेनालाही मिळतंच की! जे सगळ्यांना फुकट मिळतं ते तुमच्या अँटेनाचा गुण कसा ठरेल?

इथे ५/८ चा पुरस्कार करणारे पुढे सरसावतात. अर्ध्या तरंगलांबीऐवजी तिच्या ५/८ लांबीचा, म्हणजे जवळपास सात मीटरचा दांडा घ्या, पाव लांबीच्या अँटेनापेक्षा ३ डीबी जास्त, असं ते सांगतात. हा आकडा खोटा नाही. तो अथांग पसरलेल्या, पूर्ण वाहक जमिनीवर उभ्या केलेल्या मनोऱ्याचा आहे. एएम प्रसारण केंद्रं तशी जमीन मिळवण्यासाठी मनोऱ्याभोवती साधारण १२० तांब्याच्या तारा पुरतात. तुमच्या पाइपावर अँटेनाच्या बुडाशी, जमिनीऐवजी, चार रेडियल (आडव्या पसरलेल्या काड्या) असतात, प्रत्येकी अडीच-पावणेतीन मीटर. तिथे एकाच उंचीवर पाव लांबीचा ग्राउंड प्लेन (रेडियलवर उभा केलेला पाव लांबीचा दांडा), अर्ध्या लांबीचा दांडा आणि ५/८ यांच्यातलं अंतर एक-दीड डीबीत आटोपतं. एस-मीटरवरचं (सेटवर येणाऱ्या सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या काट्यावरचं) एक घर म्हणजे रीतीप्रमाणे ६ डीबी. एक डीबीनं समोरच्याच्या मीटरचा काटा हलला की नाही, हे डोळे ताणूनच बघावं लागेल.

त्यात एक गंमत आहे, ती विक्रेते सांगत नाहीत. एफसीसीच्या (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या) नियमात उंचीची मर्यादा अँटेनाच्या टोकापर्यंत मोजतात: जमिनीपासून १८.३ मीटर, किंवा ज्या इमारतीवर तो बसवला आहे तिच्या माथ्यापासून ६.१ मीटर. विमानतळाजवळ याहून कमी. दांडा जितका लांब, तितकं त्याचं बूड खाली आणावं लागतं. सात मीटरचा दांडा पाहिजे तर पाइप ११ मीटरवर थांबवा. साडेपाच मीटरच्या दांड्याला पावणेतेरा मीटर मिळतात. शिवाय लांब दांडा वाऱ्यात जास्त डोलतो, तो ताणतारांनी बांधावा लागतो, ते वेगळंच.

खरा गेन हवा असेल तर तो बीममध्ये, म्हणजे एकाच दिशेला रोखलेल्या अँटेनात, आहे. तीन एलिमेंटचा (तीन समांतर काड्यांचा) यागी त्याच काल्पनिक बिंदूच्या तुलनेत सात-आठ डीबी देतो आणि मागच्या बाजूचा गोंगाटही कापतो. पण तो एका दिशेला बघतो, फिरवायला रोटर लागतो, आणि हायवेवरच्या ट्रकवाल्यांशी बोलायचं तर तो उभ्या ध्रुवणात, म्हणजे काड्या उभ्या ठेवून, बसवावा लागतो. गाड्यांवरचे अँटेना उभे असतात. तुमचा आडवा असला तर जवळपासच्या संपर्कात २० डीबीपर्यंत मार बसू शकतो. ९.९ चा सगळा मोह त्यात दोनदा बुडेल. दूरवरच्या स्किपला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून (आयनावरणावरून) उलटून येणाऱ्या संपर्काला, मात्र आडवं-उभं फारसं चालतं, कारण आयनावरणातून येताना ध्रुवण फिरूनच येतं.

आता उंची. या सल्ल्यातली मला सगळ्यात खटकणारी चूक हीच, कारण इथेच सगळ्यात स्वस्तात फायदा होतो. जवळपासच्या, पंधरा-वीस किलोमीटरच्या बोलण्यात लहर जवळजवळ सरळ जाते. रेडिओ क्षितिजाचं ढोबळ सूत्र असं: उंचीच्या (मीटरमधल्या) वर्गमुळाला ४.१ नं गुणा, किलोमीटर मिळतील. सहा मीटरवर १०, बारावर १४, अठरावर साडेसतरा. क्षितिजापलीकडे सगळं संपतं असं नाही, २७ मेगाहर्ट्झची लहर थोडी वाकते. पण कल कळतो. आणि क्षितिजाच्या आतही उंची कामाला येते. थेट लहर आणि जमिनीवरून उलटलेली लहर एकमेकींना खोडतात, अँटेना वर गेला की हे खोडणं कमी होतं. साध्या मातीवर उभा अँटेना ६ मीटरवरून १२ वर नेला तर साडेतीन डीबीच्या आसपास मिळतात, १८ वर नेला तर सहाच्या वर. हे बोलताना मिळतात तसेच ऐकतानाही. त्यात शेजारची घरं आणि झाडं ओलांडल्याचा फायदा मी धरलेलाच नाही.

ऐकण्याचा मुद्दा तर त्या सल्ल्यात औषधालाही नाही. आजचं घर म्हणजे स्विचिंग अडॅप्टर, एलईडी दिवे, सोलर इन्व्हर्टर, सगळे मिळून २७ मेगाहर्ट्झवर खरखर ओतत असतात. ट्रकवाला चार वॅटनं तुम्हाला हाक मारतोय आणि तुमच्याकडे नॉइज (खरखर) एस-मीटरच्या सातव्या घरावर बसलाय, तर खोक्यावरचा आकडा काय कामाचा? अँटेना घरापासून दूर आणि वर गेला की हा गोंगाट कमी होतो. छताच्या कडेला दोन फुटी ब्रॅकेटवर बसवलेला महागडा दांडा, आणि परसात बारा मीटर पाइपावर बसवलेला साधा ग्राउंड प्लेन, यांत मी डोळे मिटून दुसरा घेईन.

(एचओएच्या, म्हणजे घरमालक संघाचे नियम चालणाऱ्या, वसाहतीत राहणाऱ्यांनी मात्र पाइप घ्यायच्या आधी करार वाचावा. डिश आणि टीव्हीच्या अँटेनाला संरक्षण देणारा एफसीसीचा नियम सीबीला लागू नाही, आणि हॅमवाल्यांचा (परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचा) १९८५ चा आदेशही नाही. माळ्यावर तारेचा डायपोल, तोही जमेल तितका उभा, एवढीच वाट उरते.)

केबलबद्दलचं म्हणणं उलटं करून वाचलं तर बरोबर होईल: लांबी कुठलीही चालेल, केबल कुठलीही चालणार नाही. सेटपासून पाइपाच्या टोकापर्यंत सहज ३० मीटर होतात. या वारंवारतेला आरजी-५८ ही बारीक, स्वस्त केबल तेवढ्यात साधारण २.४ डीबी खाते. ४ वॅट निघाले, अँटेनाला २.३ पोचले. जाड आरजी-२१३ नं ३.१ पोचतील, एलएमआर-४०० नं ३.४. खोक्यावरचा आकडा बघून दीड डीबीसाठी जास्तीचे पैसे मोजायचे आणि तेवढाच डीबी स्वस्त केबलमध्ये जाळायचा, हा व्यवहार मला कधी कळला नाही.

आणि ते १८ फूट? ६६ टक्के वेग असलेल्या केबलमध्ये पाऊण तरंगलांबी १८ फुटांची भरते. ट्रकला दोन आरशांवर दोन अँटेना लावून ते जोडताना ७५ ओहमची अशी केबल प्रतिरोध जुळवायला लागते. तिथे या आकड्याला अर्थ आहे. घरच्या एकुलत्या एका अँटेनाला नाही. जुळलेल्या ५० ओहमच्या अँटेनाला लांबीनं काही फरक पडत नाही. केबल कापली किंवा वाढवली आणि एसडब्ल्यूआर बदलला, तर दोष लांबीचा नसतो. केबलच्या बाहेरच्या जाळीवरून करंट वाहतोय आणि केबलच अँटेनाचा भाग झाली आहे, असा त्याचा अर्थ. रेडियल नसलेल्या, टोकाकडून जोडलेल्या अर्ध्या लांबीच्या दांड्यांचा हा जुना रोग. शेजाऱ्याच्या स्पीकरमधून तुमचा आवाज येतो तो यामुळेच. अँटेनाच्या बुडाशी केबलवर ३१ नंबरच्या मिश्रणाचे फेराइट (चुंबकीय पदार्थाची कडी) घाला किंवा केबलचीच काही वेटोळी घट्ट बांधून चोक, म्हणजे हा करंट अडवणारा अडथळा, करा.

मग एसडब्ल्यूआर. तो सेटच्या सुरक्षिततेसाठी बघायचा, अँटेनाची परीक्षा म्हणून नव्हे. डमी लोडचा (शक्ती नुसती उष्णतेत जिरवणाऱ्या रोधाचा) एसडब्ल्यूआर दिवसभर १:१ राहतो आणि तुम्हाला अंगणातही कोणी ऐकत नाही. १.५ ला ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के. दीडच्या खाली आला की पुढे स्क्रू फिरवत बसण्यात हशील नाही. उलट फार चांगला आकडा कधी कधी संशयास्पद असतो. वर अँटेनाला एसडब्ल्यूआर ३ आहे आणि मध्ये ती ३० मीटर आरजी-५८ आहे, तर खाली सेटजवळचा मीटर १.८ दाखवतो, कारण परत येणारी शक्तीही वाटेत केबल खाते. पीएल-२५९ मधून (केबलच्या टोकाच्या कनेक्टरमधून) पाणी शिरलेली केबल तर एसडब्ल्यूआर आणखी सुधारून दाखवते! दोन पावसाळ्यांनंतर मीटर खूश आणि ट्रकवाले गप्प, अशी अवस्था असेल तर आधी वरचा कनेक्टर उघडून बघा.

अर्थिंगनं वीज ओढली जाते, यावर हसावं की रडावं? छताच्या वर उभा केलेला धातूचा पाइप अर्थ केला नाही म्हणून ढगाला दिसेनासा होत नाही. वीज पडलीच तर तिला जमिनीचा रस्ता मिळणार की तुमच्या दिवाणखान्यातल्या सेटचा, एवढंच अर्थिंग ठरवतं. अमेरिकेच्या विद्युत संहितेत यासाठी ८१० वं कलम आहे. पाइप आणि केबलची जाळी, दोन्ही अर्थ करायचे, आणि अँटेनाची वेगळी सळई ठोकली असेल तर ती घराच्या मुख्य अर्थला निदान ६ एडब्ल्यूजी (जाडीचं अमेरिकन माप) तांब्याच्या तारेनं जोडायची. हा शेवटचा जोड लोक विसरतात. दोन सळया सुट्या राहिल्या तर जवळ कुठे वीज पडली तरी त्यांच्यातला दाबाचा फरक सेटमधून वाट काढतो. थेट पडलेली वीज यानंही सेट वाचवेलच असं नाही; वादळ दिसलं की केबल काढून खिडकीबाहेर ठेवावी.

आणि ज्याबद्दल त्या सल्ल्यात अवाक्षर नाही, ते विजेपेक्षाही जास्त घात करतं: रस्त्याकडेची विजेची लाईन. सत्तरच्या दशकात सीबीची लाट आली तेव्हा अँटेना चढवताना किंवा उतरवताना तो लाईनला टेकून इतकी माणसं गेली, की ग्राहक सुरक्षा आयोगानं १९८२ मध्ये घरच्या चौफेर सीबी अँटेनांसाठी खास मानक काढलं. मे १९८३ नंतर बनलेल्या अशा अँटेनांना लाईनला लागल्यावर करंट अडवणारं इन्सुलेशन असावंच लागतं. जुन्या बाजारातून त्याआधीचा ॲल्युमिनियमचा दांडा आणणार असाल तर त्यात ते नाही असंच धरा. पाइप आणि अँटेना मिळून जेवढी लांबी, त्याहून निश्चित जास्त अंतर लाईनपासून ठेवायचं, कुठल्याही बाजूला पडला तरी लागू नये इतकं. चढवायला एकटं जायचं नाही.

सुट्टीत येताना अमेरिकेतून सेट आणि दांडा सामानात घालून आणणाऱ्यांसाठी एक वेगळा हिशेब. भारतात विनापरवाना मोकळा पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. अमेरिकन सेटचा चॅनेल २७ हा २७.२७५ वर येतो, तो आत बसतो. चॅनेल २८ पासून पुढचे सगळे बाहेर. शिवाय इथली ५ वॅटची मर्यादा प्रभावी प्रसारित शक्तीवर आहे, म्हणजे अँटेनाचा गेन त्यातच मोजला जातो. खोक्यावरचे ९.९ डीबी खरे असते, तर ४ वॅटचा सेट जोडताक्षणी तुम्ही नियमाबाहेर गेला असता. गच्चीवर काहीही चढवण्याआधी त्या नियमाचा मूळ मजकूर वाचून घ्या.