‘स्पोर्ट्स कार आहे सर, एवढा आवाज येणारच’

हे वाक्य मी गेल्या पाच महिन्यांत किमान सहा वेळा ऐकलंय आणि आजची पोस्ट या एका वाक्याबद्दलच आहे. गाडीचं आणि डीलरचं नाव टाकणार नाहीये, इनबॉक्समध्येही विचारू नका. तक्रार चालू आहे आणि मला कुणाची बदनामी करायची नाहीये, मला माझी गाडी नीट करून हवीय.

गाडी दोन दरवाजांची, जमिनीला टेकल्यासारखी खाली, मागच्या चाकांवर चालणारी. सेकंड हँड घेतली, अकरा वर्षं पैसे साठवून. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशी गाडी दिसली की लोकांना वाटतं याला काय, पैशाला तोटा नाही, लाखभर इकडचे तिकडे झाले तर काय फरक पडतो. पडतो हो. खूप फरक पडतो.

जूनमध्ये चिंचवडला पावसात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आपटलं आणि त्यानंतर स्पीड ब्रेकरवरून उतरताना खाडकन आवाज यायला लागला. डीलरकडे नेली, त्यांनी बघून सांगितलं दोन्ही बाजूचे लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे खालचे दांडे) बदलावे लागतील, बुश (त्यांच्या सांध्यातले रबर) गेलेत. नऊ दिवस गाडी तिथे. बिल १,१२,४०० रुपये. बिलात आर्म, बोल्ट, लेबर आणि शेवटून दुसऱ्या ओळीत व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. मी पैसे भरले, थँक्यू म्हणालो, घरी आलो. पहिले तीन आठवडे गाडी मस्त.

मग आवाज परत. आधी नुसता सकाळी गाडी थंड असताना, मग दिवसभर. वर ब्रेक दाबला की स्टेअरिंग हलकंसं डावीकडे ओढायचं, अगदी बारीक, पण रोज तीच गाडी चालवणाऱ्याच्या हाताला ते कळतंच. परत नेली. डीलरचा सर्व्हिस ॲडव्हायझर माझ्यासोबत सर्व्हिस रोडवर पाचशे मीटर फिरला आणि म्हणाला, स्पोर्ट्स कार आहे सर, सस्पेन्शन कडक असतं, एवढा आवाज येणारच. जॉब कार्डवर, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवायच्या कागदावर, लिहिलं ‘चेक्ड अँड फाउंड ओके’. तिसऱ्यांदा नेली, परत तेच, वर म्हणे आपले रस्तेच असे आहेत. चौथ्यांदा तर गाडी लिफ्टवर घेतलीच नाही.

इथे मला थांबून बोलायचंय. कडक सस्पेन्शन आणि सैल सस्पेन्शन यातला फरक मला कळतो. कडक गाडी रस्ता जसा आहे तसा पाठीला सांगते, पण ती खाडखाड वाजत नाही. वाजतं ते काहीतरी सुटलेलं असतं, फाटलेलं असतं. गाडीचा स्वभाव पुढे करून स्वतःच्या कामातली चूक झाकायची हा प्रकार मला सगळ्यात जास्त लागला, पैशापेक्षाही जास्त. कारण त्यात समोरच्या माणसाला स्वतःच्याच कानावर शंका घ्यायला लावतात. मी खरंच घेतली होती. बायकोला दोनदा विचारलं, तुला पण येतोय ना गं आवाज?

ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं वाईला निघालो होतो. खेड शिवापूरच्या अलीकडे पुढच्या चाकात हवा कमी झाली म्हणून रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे थांबलो. त्याने चाक खोललं, आडवं टाकलं, आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. बोटाला काळी रबराची भुकटी होती. ‘‘दादा, टायर आतून संपलाय की. तारा बाहेर आल्यात, हे बघा.’’ बाहेरून बघाल तर टायरला चांगला पाच मिलिमीटर ग्रिप. आतली दोन बोटं रुंद पट्टी मात्र गुळगुळीत, आणि एका जागी पोलादी तारा चमकत होत्या. हे टायर जेमतेम चार हजार किलोमीटर चाललेले. चाकाची कमान एवढी घट्ट आहे की स्टेअरिंग पूर्ण वळवून, रस्त्यावर बसून, मोबाईलचा टॉर्च मारल्याशिवाय आतली कड दिसतच नाही. त्या दिवशी पंक्चर झालं नसतं तर आम्ही त्याच टायरवर पावसात खंबाटकी घाट चढलो असतो, उतरलो असतो. हे डोक्यात आलं तेव्हा माझे हात थरथरत होते. त्या भावाने पंक्चरचे फक्त शंभर रुपये घेतले आणि म्हणाला घाटात जाऊ नका, इथूनच मागे फिरा. आम्ही फिरलो.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या एका अलाइनमेंटवाल्याकडे आधी काहीही ॲडजस्ट न करता नुसतं रीडिंग घ्यायला सांगितलं. स्क्रीनवर पुढच्या दोन्ही चाकांचे टो चे आकडे, म्हणजे चाक सरळ पुढे न बघता आत किंवा बाहेर किती वळलंय ते, लाल. कंपनीच्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर. प्रिंट घेतली. आर्म बदलल्यावर चाकांचे कोन बदलतात, म्हणून अलाइनमेंट करावीच लागते. ती केली असती तर आकडे एवढे बाहेर गेलेच नसते. डीलरकडे जुलैमधल्या त्या कामाची अलाइनमेंटची प्रिंट मागितली तर आधी म्हणाले सिस्टीममध्ये बघतो, मग म्हणाले मेल करतो, आणि दहा दिवसांनी वर्कशॉप मॅनेजरने फोनवर कबूल केलं की त्या आठवड्यात मशीन बंद होतं. म्हणजे अलाइनमेंट झालीच नव्हती. पैसे मात्र घेतले होते.

आता आवाजाचं. ते माझ्या बाबांनी शोधलं. बाबा आकुर्डीला ३१ वर्षं असेंब्ली लाईनवर होते, आता ७२ वर्षांचे आहेत, खाली वाकायला त्रास होतो. तरी त्या अलाइनमेंटवाल्याच्या रॅम्पखाली स्टूल टाकून बसले आणि टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिले. मग मला बोलावलं. डाव्या आर्मच्या बुशचं रबर एका बाजूने चिरलेलं, नखाएवढी फट. तीन महिन्यांपूर्वी टाकलेला नवा पार्ट. बाबा म्हणाले, ‘‘हवेत आवळलाय हा.’’

मला कळलं नाही तेव्हा त्यांनी समजावलं. बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्या आणि मधे चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याला पक्की होते आणि आर्म वरखाली हलतो तेव्हा मधलं रबर पिळ खातं आणि परत येतं. म्हणून शेवटचा आवळ हा गाडीचं वजन चाकांवर असतानाच द्यायचा. गाडी लिफ्टवर असते तेव्हा चाकं खाली लटकतात, आणि त्या अवस्थेत बोल्ट पक्का केला की गाडी जमिनीवर आल्या क्षणापासून रबर पिळलेलंच राहतं, उभ्या गाडीतसुद्धा. मग ते फाटतं. पार्ट चांगला, बोल्ट नवा, मेहनतही तेवढीच, फक्त क्रम चुकला. टॉर्क मारून झाला, म्हणजे ठरलेल्या जोराने बोल्ट आवळून झाला, की कारागीर बोल्टवर मार्करने रेघ ओढतात, झालं म्हणून खूण. आमच्या उजव्या बोल्टवर पिवळी रेघ होती, डाव्यावर नव्हती.

मला त्या वर्कशॉपमधल्या पोरांवर राग काढायचा नाहीये. विशी-बाविशीतली पोरं, एका गाडीला तास ठरवून दिलेले, पुढची गाडी दारात उभी. राग आहे तो आवाज परत येतोय असं तीन वेळा सांगूनही चाक न खोलता ओके लिहिणाऱ्यांवर.

ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तिथे राहून गप्प बसणं मला जमणार नव्हतं. सगळं एका मेलमध्ये टाकलं. बिल, चारही जॉब कार्ड, अलाइनमेंटची प्रिंट, टायरचे आणि बुशचे फोटो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी हा स्पष्ट मुद्दा आहे आणि रिपेअरच्या कामालाही तो लागू होतो हे लिहिलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, तिथे मराठीतून बोलता येतं, तक्रार नोंदवून नंबर मिळतो. बऱ्याच जणांना वाटतं गाडी महागडी म्हणजे केस दिल्लीला जाणार. तसं नाही. किती पैसे मोजले त्यावर ठरतं, आणि ५० लाखांपर्यंत आपला जिल्हा ग्राहक आयोग, तोही तुम्ही राहता तिथला चालतो. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची, त्यामुळे ‘बघतो सर, करतो सर’ मध्ये वेळ घालवू नका. आणि जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ लिहिलं असेल तर सही करू नका. माझ्या पहिल्या दोन जॉब कार्डांवर आवाज हा शब्दच नव्हता आणि तेच कागद नंतर मला दाखवले गेले.

मेलनंतर आठ दिवसांनी फोन आला. मी दोन अटी घातल्या, काम माझ्यासमोर होणार आणि बाबा सोबत असणार. गेल्या शनिवारी झालं. नवे आर्म, त्यांच्या खर्चाने. कारागीर मुलाने बोल्ट हाताने बसवले, गाडी चार खांबी रॅम्पवर चाकांवर उभी केली, दोनदा दाबून बसवली आणि मग खाली जाऊन टॉर्क रेंच लावला. बाबा काचेच्या आतल्या वेटिंग रूममध्ये जायला तयार नव्हते, बाहेरच काठी टेकून उभे. कट्ट असा आवाज आला, मग दुसऱ्या बाजूने कट्ट. मुलगा बाहेर येऊन बाबांना म्हणाला, ‘‘काका, दोन्हीला रेघ मारली, बघून घ्या.’’ बाबा वाकले आणि बघितलं.

अलाइनमेंटचे पैसे परत मिळालेत, आधीची आणि नंतरची प्रिंट माझ्या फाईलला आहे. आवाज बंद आहे. दोन टायरचे ५६ हजार मात्र द्यायला ते तयार नाहीत, म्हणतात टायर झिजणारा पार्ट आहे. त्यासाठी आता जिल्हा आयोगात जातोय, कागद तयार आहेत. तारीख पडली की इथेच लिहीन.